मूल जन्मलं म्हणून आईबापांना ग्रीन कार्ड मिळत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या बेकायदा रहिवाशांची बातमी आली की पाठोपाठ एक विधान हमखास येतं: तिथे जाऊन मूल होऊ दिलं की काम फत्ते, मुलाच्या मागोमाग आईबापही कायदेशीर. ‘अँकर बेबी’ हा शब्द आता मराठी वर्तमानपत्रांतही रुळला आहे. असं म्हणणाऱ्यांनी तिथल्या कायद्यातल्या वर्षांची बेरीज करून पाहिलेली दिसत नाही. ती इथे मांडतो. हा कायदा सैल आहे ही समजूत चुकीची आहे. मुलांच्या बाबतीत तर तो भलत्याच ठिकाणी आवळलेला आहे.

अमेरिकेत जन्मलेलं मूल १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार नागरिक ठरतं. त्याच्या नात्याने आईबापांना ग्रीन कार्ड हवं असेल तर अर्ज, म्हणजे फॉर्म आय-१३०, मुलानेच करायचा असतो आणि त्यासाठी त्याला २१ वर्षं पूर्ण लागतात. २१व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीचा अर्जही चालत नाही. पुढे आय-८६४ हे हमीपत्र द्यावं लागतं. त्यासाठी अर्जदाराचं उत्पन्न सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावं लागतं आणि त्याचं वास्तव्य अमेरिकेत असावं लागतं. २१ वर्षांचा मुलगा सहसा कॉलेजात असतो, त्यामुळे स्वतःचं उत्पन्न दाखवून हमी घेणारा दुसरा माणूस शोधावा लागतो. हे हमीपत्र न्यायालयात वसूल करता येण्याजोगं असल्याने दूरचे नातेवाईक सही करायला कचरतात आणि बऱ्याच फायली इथेच अडकतात.

खरी गोम त्यानंतर आहे. आईबाप देशात शिरले कसे, यावर पुढचं सगळं ठरतं. व्हिसावर आले, विमानतळावर तपासणी होऊन शिक्का बसला आणि मुदत संपल्यावर राहून गेले, तर २१ वर्षांच्या नागरिकाचे आईबाप म्हणून त्यांना अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागता येतं. मुदत उलटून राहिल्याचा दोष या नात्यापुरता माफ होतो. जे डंकीच्या वाटेने, कुंपण किंवा नदी ओलांडून आले, त्यांची तपासणी झालेलीच नसते, म्हणून त्यांना सर्वसाधारणपणे देशात राहून अर्ज करता येत नाही. त्यांनी मायदेशी जायचं आणि तिथल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत द्यायची. मात्र देशाबाहेर पाऊल पडताक्षणी १९९६ च्या कायद्याचं कलम लागू होतं. १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत बेकायदा राहिलेल्याला तीन वर्षं आणि वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलेल्याला दहा वर्षं परत येण्याची बंदी. वाट न पाहता पुन्हा चोरवाटेने शिरलेल्यावर कायमची बंदी येते आणि ती उठवण्याचा अर्जसुद्धा दहा वर्षं बाहेर काढल्यावरच करता येतो.

या बंदीतून सवलत मिळू शकते. त्यासाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या पती-पत्नीचे, नाहीतर आईवडिलांचे आत्यंतिक हाल होतील हे सिद्ध करावं लागतं. नागरिक असलेल्या मुलाचे हाल या यादीत नाहीत. आईला बाहेर काढलं तर दहा वर्षांच्या मुलाचं काय होईल, हा मुद्दा या अर्जात आडवळणानेच आणता येतो: मुलाला सांभाळताना नवऱ्याचे हाल होतील, असा. आता बेरीज करा. मूल २१ वर्षांचं होईपर्यंत थांबायचं, मग बाहेर जाऊन दहा वर्षं काढायची, म्हणजे मूल ३१ वर्षांचं होईस्तोवर वाट पाहायची, आणि ती एकवीस वर्षं हद्दपारीच्या टांगत्या तलवारीखाली काढायची. ग्रीन कार्डसाठी कुणी इतका लांबचा डाव मांडत असेल, यावर माझा विश्वास नाही.

दुसरा एक मार्ग सांगितला जातो, हद्दपारी रद्द करून घेण्याचा. तो फक्त इमिग्रेशन न्यायाधीशासमोर, हद्दपारीचा खटला सुरू झाल्यावरच खुला होतो. म्हणजे आधी पकडलं जायचं, मग मागायचं. दहा वर्षांचं सलग वास्तव्य, चांगली वर्तणूक आणि नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पती-पत्नी, आईवडील वा मुलाला ‘असाधारण आणि अत्यंत अपवादात्मक’ त्रास होईल याचा पुरावा लागतो. इथे निदान मुलाचा त्रास मोजला जातो. पण शाळा बदलेल, भाषा येणार नाही, उत्पन्न घटेल एवढ्याने भागत नाही, कारण कुणालाही हद्दपार केलं की हे होणारच असं न्यायालयं धरून चालतात. ज्या मुलाला गंभीर आजार आहे आणि ज्याचे उपचार मायदेशी मिळत नाहीत, किंवा ज्याला विशेष शिक्षणाची गरज असल्याचं शाळेच्या कागदांवर आहे, त्याची फाईल तग धरते. वर अशा मंजुऱ्यांना साऱ्या देशासाठी वर्षाला ४,००० ची कमाल मर्यादा आहे. आणि कायद्यातली विसंगती अशी की या मार्गासाठी मूल २१ च्या आतलं आणि अविवाहित हवं, तर आधीच्या मार्गासाठी ते २१ पूर्ण झालेलं हवं. न्यायालयात तारखा पडता पडता मुलाने एकविशी ओलांडली, की हा दरवाजा बंद होतो. आधीच्या मार्गाच्या उंबऱ्याशी दहा वर्षांची बंदी असतेच.

हे झालं अमेरिकेत जन्मलेल्या मुलाचं. पण बेकायदा राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांत दोन प्रकारची मुलं एकाच घरात असतात. थोरली तीन वर्षांची असताना आईबापांनी कडेवर आणलेली, धाकटा तिथेच जन्मलेला. दोघं एकाच शाळेत जातात, एकाच खोलीत झोपतात. धाकट्याकडे पासपोर्ट असतो, थोरलीकडे काहीही नसतं. थोरलीला बारावीपर्यंत फारसं काही जाणवत नाही, कारण १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो निकालाने सरकारी शाळेचं दार तिच्यासाठी उघडं ठेवलं आहे. टेक्सासने १९७५ मध्ये अशा मुलांसाठी शाळांना पैसे देणं बंद केलं होतं आणि टायलर इथल्या शाळांनी दर मुलामागे वर्षाला १,००० डॉलर मागायला सुरुवात केली होती. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते घटनाबाह्य ठरवलं. आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येणार नाही, हा त्यातला गाभा. मात्र तो निकाल शाळेपुरता आहे. कॉलेज, नोकरी आणि वाहन परवाना त्यात येत नाहीत.

अठराव्या वाढदिवसाला थोरलीचं घड्याळ सुरू होतं. अठराच्या आतलं बेकायदा वास्तव्य त्या तीन आणि दहा वर्षांच्या बंदीसाठी मोजलं जात नाही, ही कायद्यातली मुलांसाठीची मोठी सवलत. पण अठरा पूर्ण झाल्यावर १८० दिवस उलटले की तीन वर्षांची बंदी डोक्यावर येते आणि एकोणिसाव्या वाढदिवसाला दहा वर्षांची. म्हणजे बाहेर जाऊन, विद्यार्थी व्हिसा किंवा दुसरं काही घेऊन कायदेशीरपणे परत यायचं असेल, तर तिच्या हातात बारावीनंतरचे जेमतेम सहा महिने असतात. पहिल्यांदा ग्रीन कार्ड वा व्हिसाचा विचार करून कुटुंब वकिलाकडे येतं ते बहुधा मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, म्हणजे मुदत सरल्यावर. हा सल्ला सोळाव्या वर्षी मिळायला हवा. शाळेतल्या समुपदेशकांना तो देता येत नाही, कारण तो कायद्याचा सल्ला ठरतो आणि त्यांना तसा देण्याची मुभा नसते. शिवाय मुलाची परिस्थिती त्यांना ठाऊक नसते, आणि ती त्यांनी विचारू नये असंच त्यांना शिकवलेलं असतं.

अशा मुलांसाठी म्हणून जी योजना सगळ्यांना ठाऊक आहे, ती १५ जून २०१२ ला जाहीर झालेली डीएसीए (डिफर्ड अ‍ॅक्शन फॉर चाइल्डहुड अरायव्हल्स, म्हणजे लहानपणी आलेल्यांची हद्दपारी पुढे ढकलणारी). तिच्याविषयीही गैरसमज भरपूर आहेत. ती नागरिकत्व देत नाही, ग्रीन कार्ड देत नाही, कायदेशीर दर्जाही देत नाही. दोन वर्षं हद्दपार करणार नाही आणि तोवर काम करायला परवानगी, एवढंच. अशा मुलांना कायम वास्तव्याची वाट देऊ पाहणारा ड्रीम अ‍ॅक्ट २००१ पासून संसदेत अडकून पडला, २०१० मध्ये तो प्रतिनिधिगृहात मंजूर झाला पण सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ अशी मतं पडूनही पुढे सरकला नाही, कारण ६० मतं लागत होती. त्यानंतर ओबामा प्रशासनाने ही तात्पुरती तजवीज केली. अटी अशा: १५ जून २०१२ ला वय ३१ च्या आत, सोळाव्या वाढदिवसाआधी अमेरिकेत आलेलं, १५ जून २००७ पासून सलग तिथे राहिलेलं, २०१२ च्या त्या दिवशी देशात हजर आणि त्या दिवशी कुठलाही कायदेशीर दर्जा नसलेलं. शिवाय शाळेत शिकत असलेलं किंवा बारावी झालेलं, किंवा सैन्यातून सन्मानाने निवृत्त. गंभीर गुन्हा नाही, किरकोळ गुन्हेही तीन नाहीत.

यातली २००७ ची तारीख नीट पाहा. तेव्हा कडेवर असलेलं तान्हं मूलही आज अठरा वर्षांचं झालेलं आहे. म्हणजे आज तिथल्या शाळांमध्ये जी कागदपत्रांविना मुलं शिकताहेत, त्यांतलं जवळपास एकही या योजनेत बसत नाही. ‘ड्रीमर्स’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर शाळकरी पोरं येतात. प्रत्यक्षात त्यांतले बरेच जण तिशीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे, अनेक तर स्वतःची मुलं असलेले लोक आहेत.

अर्जात काय फसतं, तेही सांगतो. फॉर्म आय-८२१डी, सोबत वर्क परमिटचा आय-७६५ आणि त्याचा पुरवणी तक्ता. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकाप्रमाणे कागदी अर्जाला ६०५ डॉलर, ऑनलाइन केला तर ५५५. पहिल्या अर्जात सर्वांत जड काम सलग वास्तव्याच्या पुराव्याचं. दर वर्षाचा काही ना काही कागद लागतो: शाळेचे निकाल, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याच्या नोंदी. शाळेत जाणाऱ्या मुलाचं हे भागतं. पंधराव्या वर्षी आलेला आणि शाळेत न जाता थेट रोखीच्या कामाला लागलेला मुलगा इथे मार खातो, कारण त्याच्या नावाचा एकही कागद तयार झालेला नसतो. नावाचं स्पेलिंग शाळेत एक, पासपोर्टात दुसरं, ही नेहमीची डोकेदुखी. नूतनीकरण मुदत संपण्याच्या १५० ते १२० दिवस आधी पाठवायचं असतं. उशीर झाला आणि वर्क परमिट संपलं, तर मालकाला त्या दिवशी काम थांबवावं लागतं. मुदत संपून वर्ष उलटलं तर अर्ज नूतनीकरणाचा राहत नाही, तो नव्याने केलेला धरला जातो. आणि जुलै २०२१ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने निकाल दिल्यावर नवे अर्ज दाखल करून घेतले गेले, फी घेतली गेली, पण मंजुऱ्या थांबल्या. एका विसरलेल्या तारखेपायी दहा वर्षांचं संरक्षण गेलेले लोक आहेत.

एक वाट मात्र फार थोड्यांना माहीत असते. डीएसीए असलेल्याला शिक्षण, नोकरी किंवा आजारी नातलगासारख्या कारणाने आय-१३१ भरून परदेशी जाऊन येण्याची आगाऊ परवानगी मागता येते. त्या परवानगीवर परत येताना सीमेवर तपासणी होते आणि नोंद पडते. चोरवाटेने आलेल्याच्या फाईलमध्ये जी एक गोष्ट नव्हती, ती अशी तयार होते. मग त्याने अमेरिकी नागरिकाशी खरोखर लग्न केलेलं असेल, तर देशात राहून ग्रीन कार्ड मागता येतं, आणि २०१२ च्या एका इमिग्रेशन अपील मंडळाच्या निर्णयामुळे अशा प्रवासाला ती दहा वर्षांची बंदी लागत नाही. जोखीम आहेच: परवानगी हातात असली तरी विमानतळावरचा अधिकारी प्रवेश नाकारू शकतो, आणि जुना हद्दपारीचा हुकूम असेल तर पाऊल बाहेर टाकूच नये.

भारतीय कुटुंबांच्या दृष्टीने यातली सर्वांत विचित्र अट ‘त्या दिवशी कायदेशीर दर्जा नसलेलं’ ही आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांची मुलं एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर लहानपणीच तिथे जातात, तिथेच वाढतात. ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी इतकी लांब आहे की मूल २१ चं होतं, आश्रित म्हणून त्याचा दर्जा संपतो आणि रांगेतून ते बाहेर फेकलं जातं. २००२ च्या बाल दर्जा संरक्षण कायद्याने अर्ज तपासायला सरकारने घेतलेला वेळ वयातून वजा होतो, पण व्हिसा क्रमांकाची, म्हणजे रांगेत आपला नंबर लागण्याची, वाट पाहण्यात गेलेली वर्षं होत नाहीत, आणि भारतीयांची वर्षं जातात ती तिथेच. अशा मुलाला डीएसीए मिळत नाही, कारण २०१२ मध्ये ते कायदेशीर होतं. नियम पाळणाऱ्याच्या मुलाला काहीच नाही आणि मोडणाऱ्याच्या मुलाला निदान दोन वर्षांचा कागद, ही तक्रार मला शंभर टक्के रास्त वाटते. मात्र ज्याला मिळालं त्याचं काढून घेतल्याने ती मिटत नाही.

आईबाप पकडले गेल्यावर नागरिक मुलाचं काय होतं, यावर आपल्याकडे जवळजवळ काहीच छापून येत नाही. १६ च्या आतल्या मुलाच्या अमेरिकी पासपोर्टसाठी दोन्ही पालकांनी जातीने हजर राहावं लागतं. एक येऊ शकत नसेल तर त्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र, फॉर्म डीएस-३०५३. वडील स्थानबद्धता केंद्रात असले तर ही सही मिळवताना आठवडे जातात, आणि त्यांचा स्वतःचा पासपोर्ट जप्त असल्याने नोटरीला दाखवायला ओळखपत्र नसतं. काही मुलांचा तर जन्मदाखलाच हाती नसतो. टेक्सासमध्ये काही निबंधक कार्यालयांनी आईबापांकडे फक्त वकिलातीचं ओळखपत्र आहे म्हणून दाखल्याची प्रत नाकारली होती. त्यावर २०१५ मध्ये खटला झाला आणि २०१६ मध्ये तडजोड होऊन चालणाऱ्या ओळखपत्रांची यादी वाढवण्यात आली. तेव्हा क्रम असा असावा: आधी जन्मदाखल्याच्या दोन-तीन प्रती, मग मुलाचा पासपोर्ट, मग विश्वासू नातलगाच्या नावे मुलापुरतं मुखत्यारपत्र, आणि शाळेच्या आपत्कालीन संपर्कात त्या नातलगाचं नाव. मुखत्यारपत्रावर शाळा आणि दवाखाना चालतो. ताबा मिळत नाही. तो हवा तर राज्याच्या न्यायालयाकडून पालकत्वाचा हुकूम लागतो. मुखत्यारपत्राची मुदतही बऱ्याच राज्यांत सहा महिने किंवा वर्षाची असते, हे विसरलं जातं.

नातलग नसेल तर मूल सरकारी देखरेखीत, फॉस्टर घरी जातं. मग १९९७ चा दत्तक आणि सुरक्षित कुटुंब कायदा आड येतो: गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल देखरेखीत असेल तर आईबापांचे हक्क संपवण्याची याचिका राज्याने दाखल करायची. नातलगाकडे मूल असेल किंवा सबळ कारण असेल तर अपवाद आहे. पण इमिग्रेशनचा खटला पंधरा महिन्यांत संपत नाही, आणि स्थानबद्ध आई दुसऱ्या राज्यातल्या बाल न्यायालयात तारखेला हजर राहू शकत नाही. हजर नाही म्हणजे आस्था नाही, अशी नोंद होते. दोन स्वतंत्र कायदे, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि त्यांच्या सांध्यात मूल चेपलं जातं.

कुटुंब भारतात परतलं तर दुसराच पेच. मुलाकडे अमेरिकी पासपोर्ट असल्याने भारताच्या दृष्टीने ते परदेशी. परदेशात जन्मलेल्या भारतीयाच्या मुलाची वकिलातीत नोंद करून भारतीय नागरिकत्व घेता येतं, पण ती नोंद जन्मापासून एका वर्षात करायची असते आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. वर्ष गेलं तर केंद्राची परवानगी. पासपोर्ट काढलेला असेल तर ओसीआय (भारताचा परदेशस्थ नागरिक) कार्ड किंवा प्रवेश व्हिसा घेऊनच यायला हवं. घाईत जो मिळेल तो व्हिसा घेऊन मूल आलं आणि त्याची मुदत संपली, तर अमेरिकेत आईबाप ज्या अवस्थेत होते तिथे भारतात ते मूल जाऊन बसतं.

आता जन्मसिद्ध नागरिकत्वावरच्या आदेशाविषयी. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशात म्हटलं होतं की आई बेकायदा राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर मूल नागरिक नाही. आई कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असली तरी तेच. म्हणजे एच-१बी आणि विद्यार्थी व्हिसावरची जोडपीही त्यात आली. आपल्याकडे ज्यांनी ‘बरं झालं, घुसखोरांना चाप बसला’ म्हणून टाळ्या वाजवल्या, त्यांनी बहुधा हे दुसरं वाक्य वाचलं नव्हतं. न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू होणाऱ्या मनाई हुकमांना मर्यादा घातली, पण आदेश घटनात्मक आहे की नाही याला तेव्हा हात लावला नाही. आदेशाच्या बाजूने मुख्य युक्तिवाद असा की अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला नागरिक ठरवणाऱ्या १८९८ च्या वाँग किम आर्क निकालातले चिनी आईबाप कायदेशीरपणे तिथे स्थायिक होते. हे खरं आहे. पण प्लायलर निकालाच्या दहाव्या तळटीपेत, समान संरक्षणाच्या कलमापुरतं का होईना, कायदेशीर आणि बेकायदा आलेल्यांत अधिकारक्षेत्राच्या बाबतीत, म्हणजे तिथल्या कायद्याच्या कक्षेत कोण येतं याबाबत, फरक करता येत नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. व्यवहाराचा प्रश्न तर त्याहून अवघड. अमेरिकेतला जन्मदाखला आज जन्माची जागा आणि तारीख सांगतो, आईबापांचा इमिग्रेशन दर्जा नाही. तो तपासायचा म्हटलं तर प्रसूतिगृहात प्रत्येक जोडप्याला, नागरिकांनाही, कागद दाखवावे लागतील. आणि एच-१बी जोडप्याचं मूल नागरिक नाही असं ठरलं तर जन्मतः त्याला एच-४ दर्जा मिळावा अशी तरतूदच कायद्यात नाही. जन्मल्या दिवसापासून ते बेकायदा.

‘भारतातही असाच कायदा आहे’ हे उत्तर तयार असतं. आहे. भारतात जन्मलेलं मूल १ जुलै १९८७ पूर्वीचं असेल तर आईबाप कुणीही असोत, नागरिक. त्या तारखेपासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याचा एक पालक भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दोघे भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे आई अस्सल भारतीय असली तरी वडील बेकायदा असतील तर मूल जन्माने नागरिक नाही. मग त्याचं नेमकं काय, याचं उत्तर कायदा नीट देत नाही. पूर्वाश्रमीच्या भारतीय आईवडिलांच्या इथेच जन्मलेल्या एका मुलीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं, की जी व्यक्ती बाहेरून आलीच नाही तिला बेकायदा स्थलांतरित म्हणता येत नाही. राज्यविहीनता, म्हणजे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसणं, कमी करण्याच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत नाही आणि अमेरिकाही नाही.

ज्या देशांनी जन्मसिद्ध नागरिकत्व बंद केलं, त्यांतल्या काहींनी मुलासाठी एक खिडकी ठेवली, आणि तीच मला अनुकरणीय वाटते. ब्रिटनने १९८३ पासून जन्मसिद्ध हक्क काढला, पण तिथे जन्मून पहिली दहा वर्षं तिथेच राहिलेल्या मुलाला नोंदणीचा हक्क दिला. दर वर्षी ९० दिवसांपर्यंतची गैरहजेरी चालते आणि आईबापांचा दर्जा विचारला जात नाही. वयाची दहा वर्षं पूर्ण झाल्यावर अर्ज होत असल्याने चांगल्या वर्तणुकीची अट लागते, आणि फी २०२५ मध्येही हजार पौंडांच्या वर होती. ती प्रत्यक्ष खर्चाच्या कित्येक पट असल्याने न्यायालयात गेली आणि २०२२ पासून न परवडणाऱ्यांना माफीचा अर्ज करता येऊ लागला. ऑस्ट्रेलियात १९८६ नंतर जन्मलेलं मूल दहाव्या वाढदिवसापर्यंत तिथेच राहिलेलं असेल, तर अर्ज न करताही नागरिक होतं. दोन्हीकडे मोजली जातात ती मुलाची वर्षं.

अमेरिकेला यासाठी नवा कायदा शोधायची गरज नाही. ‘रजिस्ट्री’ नावाची तरतूद तिथे १९२९ पासून आहे: अमुक तारखेआधीपासून सलग राहत असलेल्या आणि वर्तणूक चांगली असलेल्या माणसाला, तो कसाही आलेला असो, ग्रीन कार्ड. सुरुवातीला ती तारीख ३ जून १९२१ होती. चार वेळा ती पुढे सरकवली गेली, शेवटची १९८६ मध्ये, १ जानेवारी १९७२ पर्यंत. तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही, त्यामुळे आज तिचा लाभ घेऊ शकणारा सर्वांत तरुण माणूसही पन्नाशी ओलांडलेला आहे. ठरावीक तारखेऐवजी सात वर्षांचा सरकता निकष, म्हणजे अर्ज कधीही केला तरी मागची सात वर्षं मोजायची, असा सुचवणारी विधेयकं अलीकडे मांडली गेली, पण ती मंजूर झाली नाहीत. माझं मत, तो निकष निदान अठराच्या आत आणलेल्यांपुरता आधी लावावा, आणि एच-४ वरच्या मुलांनाही त्यात घ्यावं.

यावर आक्षेप ठरलेला: याने आणखी लोक येतील. आक्षेप पोकळ नाही. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं, बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांवर दंडाची तरतूद केली, आणि दंड कागदावर राहिल्याने पुढे बेकायदा लोकसंख्या पुन्हा वाढली. पण त्याच कायद्याची दुसरी चूकही लक्षात ठेवायला हवी. १ जानेवारी १९८२ पूर्वीचं वास्तव्य ही अट असल्याने बाप कायदेशीर झाला आणि उशिरा आलेली त्याची बायको-मुलं बेकायदाच राहिली. १९८७ मध्ये रेगन प्रशासनाला, मग १९९० च्या सुरुवातीला बुश प्रशासनाला वेगळे आदेश काढावे लागले आणि अखेर १९९० च्या कायद्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र कलम घालावं लागलं. सरकत्या निकषात ही भानगड उरत नाही, आणि त्यासाठी लागणारा ग्रीन कार्डचा आय-४८५ हा फॉर्मही आधीपासून छापलेला आहे. रजिस्ट्रीच्या रकान्यावर खूण करायची, एवढंच.

आपला,
नागरिकत्व आणि व्हिसा कायद्याचा एक अभ्यासक